'ट्रेक' : ओढण्यापासून हिंडण्यापर्यंत

आमच्याकडच्या शाळांत एकाच मास्तराला इतिहासही शिकवावा लागतो आणि इंग्रजीही. माझ्या वाट्याला हे दोन्ही विषय बरीच वर्षे आले आणि त्यातून एक खोड जडली. इंग्रजी शब्द दिसला की त्याचे गाव विचारायचे, त्याचा पिढीजात धंदा विचारायचा. प्रवासाचे शब्द या चौकशीला फार चांगली उत्तरे देतात. 'जर्नी' हा मुळात एका दिवसाचा शब्द. फ्रेंच भाषेत 'जूर' म्हणजे दिवस. दिवसभरात जेवढे अंतर तोडता येईल तेवढी 'जर्नी'. मजल दरमजल करीत जाणाऱ्या आपल्या फौजांची 'मजल' ही तिची सख्खी बहीणच म्हणावी. 'व्हॉयेज'मध्ये लॅटिन 'व्हिया' म्हणजे वाट दडलेली आहे. 'ट्रॅव्हल'चा जन्म तर हालअपेष्टांतला. कष्ट, यातना या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून तो आला. आणि त्याच्याही मागे तीन खुंटांचे एक छळयंत्र उभे असल्याचे बहुतेक कोशकार मानतात. रस्ते नव्हते, लुटारू होते, तेव्हा प्रवास आणि यातना यांना एकच शब्द पुरला यात नवल नाही.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने खरे थांबावे ते 'ट्रेक' या शब्दापाशी. आज हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. डिसेंबर आला की दहावी-अकरावीची पोरे 'सर, यंदा पारगडचा ट्रेक काढू या' म्हणून मागे लागतात. सहल म्हटले तर त्यांना ते लहान मुलांचे वाटते, यात्रा म्हटले तर म्हाताऱ्यांचे. ट्रेक म्हटले की पाठीवर पिशवी, पायात बूट आणि समोर डोंगर. हौसेचा, मोकळ्या हवेचा, स्वखुशीच्या घामाचा हा शब्द. त्याचा पूर्वेतिहास मात्र हौसेचा नाही. तो बैलांच्या मानेवरचा आहे, आणि त्या बैलांपुढे चालणाऱ्या माणसांचा आहे.

जुंपणे आणि सोडणे

डच भाषेत 'ट्रेकन' या क्रियापदाचा पहिला अर्थ ओढणे. १६५२ साली यान फान रीबेक याने डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपची वसाहत घातली. हिंदुस्थान आणि जावाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला, मांस आणि पाणी पुरवावे एवढाच तिचा मूळ हेतू. तिथे स्थायिक झालेले डच, जर्मन, फ्रेंच शेतकरी पुढे 'बोअर' म्हणून ओळखले जाऊ लागले. बोअर म्हणजे शेतकरीच. त्यांच्यातले काही गुरेमेंढ्या घेऊन कुरणांच्या शोधात आत आत सरकत राहिले. त्यांना 'ट्रेकबोअर' म्हणत. बैलांनी गाडी ओढायची आणि गाडीबरोबर घर हलायचे, म्हणून ओढणे आणि जाणे यांना एकच शब्द झाला.

या गाडीभोवतीचा सारा शब्दसंसार आपल्या खेड्यातल्या माणसाला ओळखीचा वाटेल. गाडी जुंपणे म्हणजे 'इनस्पॅन', गाडी सोडणे म्हणजे 'आउटस्पॅन'. दोन सोडण्यांच्या मधली जी वाटचाल, ती एक 'ट्रेक'. आपल्याकडे बैलगाडीला एक जोडी पुरते; तिकडच्या लांबलचक गाड्यांना चौदा-सोळा बैलांची रांग जुंपत. गाडीवान लांब चाबूक घेऊन असे, आणि रांगेच्या अगदी पुढे कासरा धरून एक पोरगा अनवाणी चाले. त्याला 'फूरलोपर' म्हणत, म्हणजे पुढे चालणारा. हा पोरगा बहुधा काळा किंवा मिश्रवंशी असे. तो शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे याच घडणीचा दुसरा एक शब्द फार मोठ्या मानाला चढला.

मोठा ट्रेक

केपची वसाहत १८०६ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्यांदा जिंकली आणि ती त्यांच्याकडेच राहिली. कचेऱ्यांत आणि न्यायालयांत डच भाषा मागे पडून इंग्रजी आली. १८२८ च्या पन्नासाव्या वटहुकुमाने खोईखोई या मूळ रहिवाशांना कायद्यापुढे गोऱ्यांच्या बरोबरीचे स्थान दिले. मग गुलामगिरी बंद करण्याचा कायदा आला आणि १ डिसेंबर १८३४ पासून तो केपमध्ये लागू झाला. त्या गुलामांत मादागास्कर आणि इंडोनेशियाचे लोक होते, तसे बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेले आपले देशबांधवही होते. मालकांना भरपाई मंजूर झाली खरी, पण तिचे पैसे लंडनला मिळायचे! कित्येक शेतकऱ्यांनी आपले हक्क दलालांना पडत्या भावाने विकून टाकले. त्यातच पूर्व सरहद्दीवर १८३४-३५ मध्ये खोसा लोकांशी युद्ध पेटले आणि शेते-गोठे जळाले.

या सगळ्या कारणांची गोळाबेरीज म्हणजे १८३५ पासून सुरू झालेले स्थलांतर. पाचसहा वर्षांत बारा ते पंधरा हजार बोअर स्त्रीपुरुष-मुले इंग्रजी हद्द ओलांडून उत्तरेकडे आणि ईशान्येकडे निघून गेली. त्यांच्या एका पुढाऱ्याने, पीट रेटीफने, फेब्रुवारी १८३७ मध्ये वर्तमानपत्रात जाहीरनामा छापून आपल्या तक्रारी मांडल्या. आपण कोणाला गुलाम करणार नाही असे त्यात आहे. पण धनी आणि नोकर यांच्यातले योग्य ते नाते टिकवू, असेही त्यात आहे. स्वातंत्र्याची हाक आणि चाकरीची तजवीज एकाच कागदावर! तो कागद वाचताना ही दोन्ही कलमे एकत्रच वाचावी लागतात. एक वाचले तर बोअर नुसते शूर दिसतात, दुसरे वाचले तर नुसते दुष्ट. माणसे तशी नसतात.

त्यांच्या हालांना सीमा नव्हती हेही खरे. ड्राकेन्सबर्ग पर्वताचा कडा गाड्यांसह उतरणे ही चेष्टा नव्हे. मागची चाके काढून त्या जागी झाडांच्या फांद्यांचे भारे बांधायचे आणि गाडी घसरत घसरत खाली न्यायची. हल्ला आला की गाड्या गोल उभ्या करून, मधल्या फटी काटेरी झुडपांनी बुजवून आत बायकामुलांना घ्यायचे. त्या गाडीकोटाला 'लागर' म्हणत.

ऑक्टोबर १८३६ मधली वेखकोपची गोष्ट मला या संपूर्ण इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. सुमारे पन्नास गाड्यांच्या लागरवर राजा म्झिलिकाझीच्या एन्डेबेले सैन्याने हल्ला चढवला. आतल्या थोड्या बंदूकवाल्यांनी तो परतवला. पण जाता जाता हल्लेखोरांनी गुरेढोरे हाकून नेली. माणसे वाचली, गाड्या वाचल्या, आणि गाड्या ओढायला बैल नाहीत! ओढणे ज्याच्या नावातच आहे असा तो प्रवास माळावर जागच्या जागी थांबला. तेव्हा थाबा न्चू येथील रोलोंग जमातीचा काळा राजा मोरोका याने बैल पाठवले, धान्य पाठवले आणि त्या सर्वांना आपल्या मुलखात आसरा दिला. त्याच मोरोकाचे राज्य १८८४ साली बोअरांच्या ऑरेंज फ्री स्टेटने खालसा केले. बैल कोणी दिले होते याची आठवण अठ्ठेचाळीस वर्षेही पुरली नाही.

ज्या जमिनीकडे ते निघाले होते ती मोकळी नव्हती, हे तर उघडच आहे. ६ फेब्रुवारी १८३८ रोजी झुलू राजा डिंगान याने जमिनीच्या करारासाठी आलेल्या रेटीफला आणि त्याच्या सोबत्यांना ठार मारवले. पाठोपाठ ब्लौक्रान्सच्या परिसरातल्या तळांवर झालेल्या कत्तलीत पावणेतीनशेच्या वर बोअर मेले, त्यांत निम्म्याहून अधिक मुले. त्यांच्याबरोबर सुमारे अडीचशे नोकरचाकरही मेले. १६ डिसेंबर १८३८ रोजी आन्द्रीस प्रिटोरियस याच्या चारशे साठ-सत्तर माणसांनी न्कोमे नदीकाठच्या लागरमधून बंदुका-तोफांनी झुलूंचा सूड घेतला. सुमारे तीन हजार झुलू पडले. बोअरांकडचा एकही मेला नाही, तिघे जखमी झाले. नदीला इंग्रजीत 'ब्लड रिव्हर' हे नाव तेव्हापासून मिळाले. पुढे नाताळ इंग्रजांनी १८४३ मध्ये घेतले. पण वरच्या पठारावर १८५२ आणि १८५४ च्या करारांनी ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही दोन बोअर प्रजासत्ताके मान्य झाली.

आता नावाची गंमत पाहा. हे लोक निघाले तेव्हा स्वतःला 'स्थलांतर करणारे शेतकरी' एवढेच म्हणवीत. 'मोठा ट्रेक' आणि 'फूरट्रेकर', म्हणजे पुढे जाणारे वाटाडे, ही भारदस्त नावे मागाहून, त्यांच्या मुलानातवंडांच्या काळात रूढ झाली. बैलांपुढे खरोखर जो चालत होता तो 'फूरलोपर' पोरगा. तो शब्द नोकराचाच राहिला. 'फूरट्रेकर' मात्र राष्ट्रपुरुष झाला.

इंग्रजीत आणि आपल्याकडे

इंग्रजीने हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उचलला. रायडर हॅगर्डच्या आफ्रिकेतल्या साहसकथांनी तो विलायतेतल्या पोरांपर्यंत नेला. मग १८९९ ते १९०२ चे बोअर युद्ध आले. साम्राज्याचे चार लाखांहून अधिक सैनिक तिकडे गेले आणि परतताना 'ट्रेक', 'कमांडो', 'लागर' असे शब्द तोंडात घेऊन आले. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची भाषा घरी नेली! त्याच युद्धात नाव कमावलेल्या बेडन-पॉवेलने पुढे बालवीरांची चळवळ काढली, आणि तंबू-भांडी लादून पोरांनी स्वतः ओढायच्या हातगाडीला 'ट्रेक कार्ट' हे नाव मिळाले. तिथे निदान ओढण्याचा अर्थ शाबूत होता.

या युद्धाचा एक धागा आपल्या मुलखापर्यंत येतो. इंग्रजांनी पकडलेल्या हजारो बोअरांना समुद्रापार सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थानात आणून ठेवले. हिंदुस्थानातल्या त्यांच्या तळांत अहमदनगर, सातारा आणि बळ्ळारी ही गावे होती. गाड्या जुंपून इंग्रजांपासून दूर निघालेल्यांची नातवंडे अशी आगगाडीत बसून इंग्रजांच्याच दुसऱ्या मुलखात आली. त्याच वेळी तिकडे इंग्रजांच्या छावण्यांत सुमारे अठ्ठावीस हजार बोअर मेले, बहुतेक सगळे मुले आणि बायका. काळ्यांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. तिथल्या नोंदलेल्या मृत्यूंचा आकडाच चौदा हजारांच्या वर जातो. बोअरांच्या छावण्यांतल्या मृत्यूंचे स्मारक ब्लूमफॉन्टेनला १९१३ मध्येच उभे राहिले. काळ्यांच्या छावण्यांकडे इतिहासकार वळायला शतक संपत आले.

स्मरणाच्या गाड्या

१९३८ साली मोठ्या ट्रेकची शताब्दी आली. ऑगस्टमध्ये केपटाउनहून जुन्या धर्तीच्या बैलगाड्या निघाल्या. गावोगावी लोक दाढ्या वाढवून, जुने पोशाख चढवून स्वागताला उभे राहिले. १६ डिसेंबरला प्रिटोरियाच्या टेकडीवर लाखावर लोकांसमोर स्मारकाची कोनशिला बसली. त्या स्मारकाभोवतीच्या भिंतीत चौसष्ट गाड्यांचा दगडी लागर कोरलेला आहे. मुळात लागर रात्रीपुरता उभा करायचा आणि सकाळी मोडून चालू लागायचे. तो आता दगडाचा झाला. १९४८ मध्ये नॅशनल पक्ष निवडून आला, वंशभेदाचे राज्य सुरू झाले, आणि १९४९ च्या १६ डिसेंबरला स्मारकाचे उद्घाटन झाले.

भाषेचेही तसेच. आफ्रिकान्स ही स्वयंपाकघरातली, नोकरांशी बोलायची भाषा म्हणून एके काळी हिणवली गेली. केपच्या मुसलमानांनी तर ती एकोणिसाव्या शतकात अरबी लिपीत लिहिली. तिच्या आरंभीच्या लेखनात ती पुस्तके मोडतात. म्हणजे ही भाषा घडवण्यात गुलामांच्या वंशजांचाही हात होता. इंग्रजीच्या दडपणाखालून झगडत ती १९२५ मध्ये राजभाषा झाली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, आणि तुम्हाआम्हाला तो अभिमान समजावून सांगावा लागत नाही. पण पन्नासच वर्षांनी त्याच भाषेच्या सरकारने काळ्या मुलांच्या शाळांत गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्समधूनच शिकवा असा हुकूम काढला. १६ जून १९७६ रोजी सोवेटोची शाळकरी मुले त्याविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. स्वतःच्या भाषेवरचा अन्याय सोसलेला समाज दुसऱ्याच्या मुलांवर तोच अन्याय करू शकतो. सरहद्दीवरच्या शाळेत उभे राहून मी हे लिहितो तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द तोलून लिहितो. आपला भाषेचा हक्क आपण मागावाच. मागताना शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या भाषेलाही तोच हक्क आहे याचे भान सुटू देऊ नये.

उलट दिशेची वाटचाल

त्याच ड्राकेन्सबर्गच्या परिसरात, बोअरांच्या उलट दिशेने, म्हणजे नाताळकडून ट्रान्सवालकडे, ६ नोव्हेंबर १९१३ रोजी आणखी एक प्रवास झाला. त्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. गिरमिटीये म्हणून गेलेले, कोळशाच्या खाणीत राबणारे हे हिंदी मजूर गांधीजींबरोबर पायी निघाले होते. गिरमिट संपल्यावरही तिकडे राहिलेल्यांवर तीन पौंडांचा डोईकर होता. आदल्या वर्षी, १९१२ मध्ये, आपले गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले आणि हा कर उठेल अशी त्यांची समजूत तिथल्या मंत्र्यांनी करून दिली. पुढे सरकारने असे वचन दिल्याचे नाकारले. गोखल्यांचा शब्द खोटा पडू द्यायचा नाही, ही त्या सत्याग्रहामागची एक मोठी प्रेरणा होती. माणशी दीड पौंड पाव आणि औंसभर साखर ही त्यांची दिवसाची शिदोरी. गाडी नाही, बैल नाही, बंदूक नाही. परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायची आणि पकडा म्हणायचे. चार दिवसांत गांधीजींना तीनदा अटक झाली, माणसांना आगगाडीत घालून परत नेले. पण १९१४ मध्ये तो कर रद्द झाला. गांधीजींनी हा इतिहास १९२३ च्या अखेरीस येरवड्याच्या तुरुंगात लिहायला घेतला आणि पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात ते आपल्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या दोन हजार मजुरांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नसते.

आपल्या मातीतही असा एक शब्द आहे: 'तांडा'. लमाणांच्या हजारो बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ दख्खनभर फिरे. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्याही फौजा त्यांच्या धान्यावर चालल्या. तांडा म्हणजे चालता जथा. रेल्वे आली, बैल बसले, आणि तांडा थांबला. आज विजापूर-बेळगावपासून मराठवाड्यापर्यंत तांडा म्हणजे गावाबाहेरची वस्ती. बोअरांचा चालता शब्द थांबला तेव्हा त्याचे स्मारक झाले. लमाणांचा थांबला तेव्हा त्याची वस्ती झाली, तीही रस्त्याच्या, पाण्याच्या सोयीसाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत बसलेली.

'ट्रेक' हा शब्द पुढे आणखी उडाला. १९६६ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' आले; त्याच्या कर्त्याने ती कल्पना ताऱ्यांकडे निघालेल्या घोडागाड्यांचा काफिला म्हणूनच मांडली होती. त्याच सुमारास, १९६४ मध्ये, जिमी रॉबर्ट्स या निवृत्त गुरखा अधिकाऱ्याने नेपाळात प्रवाशांना डोंगर हिंडवणारी संस्था काढली आणि 'ट्रेकिंग'ला आजचा हौशी अर्थ आला. तिथून तो सह्याद्रीत उतरला. अर्थ बदलला, हलका झाला, गोड झाला. पण हिमालयात आजही हौशी माणूस हातात काठी घेऊन पुढे चालतो आणि त्याचा तंबू, भांडी, रॉकेल दुसऱ्याच्या पाठीवर असते. 'ट्रेकन', ओढणे, हा अर्थ मेलेला नाही. तो फक्त त्या दुसऱ्या माणसाकडे राहिला आहे.

१९९५ पासून दक्षिण आफ्रिकेत १६ डिसेंबर हा विजयाचा दिवस राहिला नाही, तो समेटाचा दिवस झाला. न्कोमे नदीच्या एका काठावर काशाच्या चौसष्ट गाड्यांचा लागर आहे. पुढे समोरच्या काठावर झुलूंची बाजू सांगणारे संग्रहालय उभे राहिले. एकाच दिवसाची हकिगत ज्याने त्याने आपापल्या काठावरून वाचावी आणि मग पाणी ओलांडून दुसऱ्याची वाचावी, अशी ती जागा. इतिहास शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

मुलांना मी पारगडला नेणारच आहे, आणि त्याला ते ट्रेकच म्हणोत. शब्द वापरणाऱ्याचा असतो. मात्र निघायच्या आदल्या दिवशी एक तास मी मागून घेतो. त्या तासात फळ्यावर एक लांब गाडी काढायची, सोळा बैल काढायचे, सर्वांत पुढे कासरा धरलेला अनवाणी पोरगा काढायचा, आणि एवढेच विचारायचे: या चित्रात प्रवास कोण करतो आहे?